‘ही तर टॉटॉलॉजी!’ म्हणून युक्तिवाद मोडत नाही

वादात हमखास येणारं वाक्य: ‘ही तर टॉटॉलॉजी झाली. म्हणजे तर्कदोष. शिवाय बिनकामाची, त्यातून नवं काहीच कळत नाही.’ एका दमात तीन आरोप.

तर्कदोष? टॉटॉलॉजी, म्हणजे सर्वतः सत्य विधान: घटक विधानं खरी असोत वा खोटी, पूर्ण विधान खरंच निघतं. जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरणं हा आत्माश्रय, आणि तो दोष युक्तिवादाचा. ‘तो खरं बोलतो, कारण तो स्वतःच तसं सांगतो’ यात आत्माश्रय आहे, टॉटॉलॉजी औषधालाही नाही.

बिनकामाची? खरी गफलत इथे आहे. युक्तिवाद तपासायचा तर सगळी आधारविधानं ‘आणि’ने जोडा, पुढे ‘तर’ लावून निष्कर्ष लिहा आणि सत्यता कोष्टक मांडा, म्हणजे घटक विधानांच्या खऱ्या-खोट्याच्या प्रत्येक जुळणीला एक ओळ. विधानीय तर्कशास्त्रात (‘आणि’, ‘किंवा’, ‘तर’ यांनी विधानं जोडणाऱ्या शाखेत) हे जोडविधान टॉटॉलॉजी ठरलं तरच युक्तिवाद वैध. ‘वीज गेली तर पंखा थांबतो, वीज गेली, म्हणून पंखा थांबला’ हे चारही ओळींत टिकतं. आता उलटं करा: ‘वीज गेली तर पंखा थांबतो, पंखा थांबला, म्हणून वीज गेली.’ वीज आहे पण पंखा बंद, ही ओळ बघा. दोन्ही आधारविधानं खरी, निष्कर्ष खोटा. एका ओळीने सगळं कोसळलं. (कपॅसिटर गेला असेल!) टॉटॉलॉजी नको म्हणणाऱ्याने ही चाचणी कशी करायची?

नवं कळत नाही? टॉटॉलॉजी जगाबद्दल काही सांगत नाही हे कबूल. तत्त्वज्ञ विट्गेनश्टाइनने १९२१ सालीच ते मांडलं. पण एखादं विधान टॉटॉलॉजी आहे हे बघताक्षणी दिसतं थोडंच? दर घटकागणिक ओळी दुप्पट होतात. ३० घटकांना १०७ कोटींहून जास्त. एक उदाहरण घ्या: १ ते ७८२४ या संख्या दोन रंगांत अशा रंगवता येतात की पायथागोरसचं एकही त्रिकूट (दोघांच्या वर्गांची बेरीज तिसऱ्याचा वर्ग, उदाहरणार्थ ३, ४, ५) एकरंगी होत नाही. ७८२५ पर्यंत मात्र ते अशक्य. प्रत्येक संख्येचा रंग हा एक घटक धरला, तर ‘७८२५ पर्यंत असं रंगवता येतं’ हे सूत्र एकाही ओळीत खरं होत नाही, म्हणजेच त्याचा नकार टॉटॉलॉजी. हे २०१६ साली संगणकाने सिद्ध केलं तेव्हा सिद्धता सुमारे २०० टेराबाइट भरली.

तक्रार रास्त ठरते ती टॉटॉलॉजीतून भलतंच उपसलं जातं तेव्हा. ‘होईल किंवा होणार नाही, म्हणजे शक्यता निम्मी-निम्मी.’ पहिला भाग निर्विवाद; ‘निम्मी’ कुठून आली?