टुरिस्ट व्हिसावर शिका, कमवा, तिथेच राहा? आधी नियम वाचा

‘परदेशात शिकायला स्टुडंट व्हिसा लागत नाही. टुरिस्ट व्हिसावर जा, छोटा कोर्स घ्या, अर्धवेळ काम करून फी वसूल करा आणि आवडलं तर तिथल्या तिथे स्टुडंट व्हिसा करून घ्या.’ पालकांच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या या मेसेजचा पहिला भाग काही देशांपुरता खरा आहे. त्याच्या आधारावर बाकीचं खपून जातं.

‘स्टुडंट व्हिसा लागत नाही.’ ब्रिटनच्या स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर, म्हणजे तिथल्या टुरिस्ट व्हिसावर, सहा महिन्यांपर्यंत शिकता येतं, पण मान्यताप्राप्त संस्थेत, आणि प्रवेश मिळाल्याचं पत्र हातात हवं. ३० दिवसांपर्यंतच्या छंदवर्गाला मान्यतेची अट नाही. इंग्रजीचा वर्ग मात्र त्या सवलतीत बसत नाही. फक्त इंग्रजीच सहा ते अकरा महिने शिकायचं असेल तर शॉर्ट-टर्म स्टडी व्हिसा वेगळा काढावा लागतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये व्हिजिटर व्हिसावर शिकण्याची मर्यादा तीन महिन्यांची. कॅनडात सहा महिन्यांपर्यंतच्या कोर्सला स्टडी परमिट लागत नाही. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर पदवीसाठी धरला जाणारा कोर्स करताच येत नाही; सुट्टीत दोन दिवसांचा पाककलेचा वर्ग चालतो. म्हणजे ‘परदेशात’ असा सरसकट नियम नाहीच.

‘काम करून फी वसूल करा.’ साफ खोटं. ब्रिटनमधले आठवड्याला २० तास, ऑस्ट्रेलियातले पंधरवड्याला ४८ तास, हे आकडे स्टुडंट व्हिसावाल्यांचे आहेत. व्हिजिटरला एक तासही नोकरी करता येत नाही. ब्रिटनच्या शॉर्ट-टर्म स्टडी व्हिसावरही नाही.

‘तिथल्या तिथे व्हिसा बदला.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. ऑस्ट्रेलियात पूर्वी ही वाट होती, त्यामुळे आधी गेलेल्या कुणा नातेवाइकाचा अनुभव खरा असू शकतो. पण १ जुलै २०२४ पासून व्हिजिटर व्हिसावर आलेल्याला देशात राहून स्टुडंट व्हिसाचा अर्ज करता येत नाही. त्याच दिवशी स्टुडंट व्हिसाची फी ७१० वरून १,६०० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली आणि जुलै २०२५ मध्ये २,०००. ब्रिटनमध्येही व्हिजिटर किंवा शॉर्ट-टर्म स्टडी व्हिसावरून स्टुडंट व्हिसावर जाता येत नाही. भारतात परतून नव्याने अर्ज करायचा. ज्यांनी घरातलं सोनं गहाण ठेवून मुलाला पाठवलं, त्यांना हे तिथे पोचल्यावर कळणं फार क्रूर आहे.

‘अर्जात कोर्सचं सांगूच नका.’ हा सल्ला त्याच मेसेजचं शेपूट. ब्रिटनच्या अर्जात फसवणूक केल्याचं सिद्ध झालं तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते. विशीतल्या मुलाच्या बाबतीत म्हणजे तिशीपर्यंत.

‘छोटा कोर्सही पीआरला (तिथे कायम राहण्याच्या परवान्याला) चालतो.’ शिक्षणानंतरच्या वर्क परमिटसाठी कॅनडात किमान आठ महिन्यांचा अभ्यासक्रम लागतो, ऑस्ट्रेलियात साधारण दोन वर्षांचा. पीआरचं तर यावरूनच समजावं.

एवढं असूनही मी छोट्या कोर्सच्या विरोधात मुळीच नाही. वैद्यकीय विद्यार्थ्याला ब्रिटनमधल्या विद्यापीठामार्फत व्हिजिटर म्हणून विनावेतन इलेक्टिव्ह (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून थोडे दिवस दुसरीकडे शिकणं) करता येते. रुग्णांवर उपचार करता येत नाहीत, पण तिथली वॉर्डातली शिस्त जवळून पाहता येते. मेलबर्नला लेकीकडे राहायला गेलेल्या आईला तीन महिन्यांत इंग्रजी संभाषणाचा वर्ग बिनधास्त लावता येतो. अशांनी जरूर जावं, अर्जात कोर्सचं नाव स्पष्ट लिहून.