कॅसेटवरचा हिरवा गंज

देवगड तालुक्यातल्या आमच्या घरात यंदा गणपतीच्या आधी माटवीचे सामान काढायला माळ्यावर चढलो, तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत एका जुन्या वहीखाली व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट सापडली. वरचे चित्र पुसट झाले होते आणि कडेच्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा थर चढला होता. समुद्र घरापासून फार लांब नाही. खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज खाल्ले जातात, तिथे त्या पट्ट्या कशा वाचणार? खोडरबर घेऊन त्या हळूहळू घासत बसलो. दोन-तीन पट्ट्या स्वच्छ झाल्या, बाकीच्यांवर गंजाखाली तांबेच शिल्लक राहिलेले नव्हते.

ही गोष्ट सविस्तर लिहावी असे वाटले ते त्याच गणपतीत घडलेल्या एका प्रसंगामुळे. माझा तेरा वर्षांचा पुतण्या मुंबईहून येताना आपला कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र, आणि साठवलेल्या पैशांतून घेतलेला एक नवा कोरा गेम घेऊन आला होता. किंमत पाच हजारांच्या आसपास. गेमचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार त्या एका गेमपुरती नाही. आरती आटोपल्यावर सगळी मुले माजघरात जमली, डिस्क आत गेली आणि पडद्यावर सूचना आली, की आणखी कित्येक जीबी डाउनलोड करावे लागतील. आमच्या वाडीत मोबाइलला रेंज मिळते ती खळ्याच्या टोकाला, फणसाखाली, आणि तीही पाऊस उघडला तर. वडील माणसांच्या फोनवरचा डेटा गोळा करून मुलांनी तीन रात्री ते डाउनलोड पुरे केले. तेव्हा कळले, की एकट्याने खेळायची कथा असली तरी सुरुवातीला सर्व्हरशी, म्हणजे कंपनीच्या दूरच्या संगणकाशी, इंटरनेटवरून जोडणी लागते. त्या दिवशी मुसळधार पाऊस होता आणि रेंज अजिबात नव्हती. गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर कन्सोल पुन्हा पिशवीत गेला. मुलाने मला विचारले, "काका, डिस्क माझ्याकडे आहे, मग गेम माझ्याकडे का नाही?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा नीट देता आले नाही. ते इथे देण्याचा प्रयत्न करतो.

आमच्या घरात पहिला व्हिडिओ गेम आला तो १९९५ च्या मे महिन्यात. कोकण रेल्वे तेव्हा पूर्ण सुरू झालेली नव्हती. माझा आतेभाऊ लालबागहून रात्रभर एसटीच्या प्रवासाने आला आणि कपड्यांच्या बॅगेत टॉवेलात गुंडाळून ते यंत्र घेऊन आला. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ मध्ये काढलेल्या फॅमिकॉम यंत्राची ती नक्कल होती, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. आमच्यासाठी तो नुसता 'टीव्ही गेम' होता. त्याची वायर अँटेनाच्या जागी खुपसायची, टीव्हीचे बटण फिरवत फिरवत चित्र पकडायचे आणि कॅसेट दाबून बसवायची. चित्र आले नाही, तर कॅसेट काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची. त्या फुंकरीने काही होत नसे, उलट तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या लवकर गंजत. कॅसेट काढून पुन्हा बसवताना पट्ट्यांचा संपर्क नव्याने जुळे, आणि श्रेय मात्र फुंकरीला मिळे. संध्याकाळी व्होल्टेज पडले, की चित्र चारही बाजूंनी आत ओढले जाई आणि गेमचा नायक मारिओ टीव्हीच्या मधोमध एका आखूड चौकोनात धावू लागे.

आमच्या घराला खरे वेड लागले ते 'बॅटल सिटी'चे. नामको कंपनीचा हा १९८५ चा गेम. आम्ही त्याला 'टँक' म्हणत असू. पडद्याच्या तळाशी मध्यभागी एक गरुड, त्याच्याभोवती विटांची एकेरी भिंत, आणि वरून एकामागून एक असे शत्रूचे वीस रणगाडे येणार. दोघांनी मिळून तो गरुड राखायचा. एकाने पुढे जायचे आणि दुसऱ्याने भिंतीजवळ थांबायचे, हे कोणी शिकवले नाही. दोन-तीन वेळा गरुड गेल्यावर आपोआप ठरले. त्यात एक बारकावा असा होता, की जोडीदाराची गोळी आपल्याला लागली तर आपण मरत नसू, पण काही क्षण जागच्या जागी खिळून राहत असू, आणि नेमक्या त्याच क्षणी शत्रूचा रणगाडा समोर येई. स्वतःच्या गोळीने स्वतःचाच गरुडही उडवता येत असे. त्यामुळे घाईघाईने गोळ्या झाडणारा भाऊ शत्रूपेक्षा धोकादायक ठरे आणि त्याला मागे भिंतीपाशी ठेवावे लागे. पस्तीस फेऱ्यांच्या या गेममध्ये स्वतःची रणभूमी रचण्याचीही सोय होती. आम्ही विटा, पोलाद, पाणी आणि झाडी मांडून आमच्या वाडीचा नकाशा रचायचा प्रयत्न करत असू. पाणी म्हणजे व्हाळ, झाडी म्हणजे आमराई, आणि गरुडाच्या जागी आमचे घर. यंत्र बंद केले, की तो नकाशा पुसला जाई आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तो पुन्हा आठवून रचत असू. आजी ओटीवर आमसुले निवडत बसलेली असे आणि दिवेलागणीला आतून आवाज देई, "तिन्हीसांज झाली, आता ता बंद करा बघू." मग ओरडा थांबे. खेळणारे दोघे असत, पण मागे सल्ला देणारे आठ जण असत.

आज त्या काळच्या गेमांची मोजमापे पाहिली, की मन थक्क होते. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अवघ्या चाळीस किलोबाइटमध्ये बसवलेला होता. जागा इतकी कमी होती, की आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे हे एकच चित्र आहे. फक्त रंग बदलला आहे. पहिल्याच पडद्यावर मारिओ डावीकडे उभा असतो, उजवीकडे मोकळी जागा असते आणि समोरून एक छोटा शत्रू चालत येतो. उजवीकडे जायचे आहे आणि उडी मारायची आहे, हे खेळणाऱ्याला एक अक्षरही न वाचता कळते. आमच्यापैकी कोणालाही इंग्रजी येत नव्हते, तरी मारिओ सगळ्यांना आला. ते चाळीस किलोबाइट रचणाऱ्यांना दुसरी संधी नव्हती. कॅसेट कारखान्यातून बाहेर पडल्यावर तिच्यात सुधारणा करणे शक्य नव्हते, म्हणून ती बाहेर पडण्यापूर्वीच पूर्ण असावी लागे.

त्या काळाला सोन्याचा मुलामा चढवणे मला मान्य नाही. आमच्या पिवळ्या कॅसेटवर '९९९९९९९ इन १' असे छापलेले होते. आत गेम मोजके होते आणि तेच ते नाव बदलून पुन्हा पुन्हा येत होते. ती कॅसेट चोरीची होती आणि ज्यांनी ते गेम रचले त्यांना आमच्याकडून एक रुपयाही मिळाला नाही, हेही मी विसरत नाही. ते गेम कठीण होते, त्यालाही व्यवहाराचे कारण होते. धावत गोळ्या झाडायच्या 'कॉन्ट्रा'सारखे कित्येक गेम मुळात नाणे टाकून खेळायच्या यंत्रांसाठी बनलेले होते, आणि खेळणारा लवकर मेल्याशिवाय पुढचे नाणे पडत नसे. तालुक्याला एसटी स्टँडजवळच्या पार्लरमध्ये एक रुपयाचे नाणे किती लवकर संपते, हे आम्ही अनुभवले आहे. शिवाय आमच्या कॅसेटमधले गेम अर्ध्यावर साठवून ठेवता येत नसत. एकदा 'कॉन्ट्रा'च्या शेवटच्या फेरीत वीज गेली आणि दुपारभराची मेहनत क्षणात नाहीशी झाली. माझा धाकटा भाऊ त्या दिवशी जेवला नाही. आजच्या मुलाला हे सोसावे लागत नाही, याचा मला आनंदच आहे.

आजच्या मोठ्या गेमांविषयीही मी आकसाने बोलत नाही. २०१८ मध्ये आलेला 'रेड डेड रिडेम्प्शन २' मी पुतण्याच्या घरी पाहिला. त्यातला पाऊस पाहून मी बराच वेळ काही बोललो नाही. चिखलात घोड्याचे पाय रुततात, कोटावर चिखल वाळतो, ढगांच्या फटीतून ऊन तिरपे उतरते. श्रावणातले ऊन-पाऊस पाहत वाढलेल्या माणसाला ते खोटे वाटले नाही. शेकडो माणसांनी वर्षानुवर्षे खपून ते जग घडवले आहे. संगणकावर त्याला दीडशे जीबी जागा लागते, म्हणजे जुन्या मारिओच्या सदतीस लाखपटींहून अधिक. ती जागा वाया गेली असे मी म्हणणार नाही. त्या कष्टांपुढे मी हात जोडतो.

माझे म्हणणे वेगळ्या मुद्द्यावर आहे. गेम विकला जातो तेव्हा तो पूर्ण असावा आणि विकत घेतल्यावर तो घेणाऱ्याचा राहावा, एवढीच माझी मागणी आहे, आणि नेमक्या याच दोन गोष्टी गेल्या काही वर्षांत ढिल्या होत गेल्या आहेत. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा जुन्या कन्सोलवर तो इतका कोसळत होता, की प्लेस्टेशन कन्सोल बनवणाऱ्या सोनीने आठवडाभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. पुढे सुधारणा होत होत तो चांगला गेम झाला, हे खरे आहे. पण नंतर दुरुस्त करता येते, या सोयीचे रूपांतर आता अर्धवट माल विकण्याच्या परवानगीत झाले आहे. घर बांधणाऱ्याने कौले न घालता किल्ली हातात दिली आणि पावसाळ्यानंतर येऊन घालतो म्हणाला, तर आपण ते घर घेऊ का?

मालकीचे तर त्याहून वाईट आहे. यूबीसॉफ्टचा 'द क्रू' हा २०१४ चा मोटारींच्या शर्यतीचा गेम. एकट्याने खेळायचा असला तरी तो सर्व्हरशिवाय चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले आणि रोख पैसे मोजून डिस्क घेतलेल्या माणसाच्या हातात प्लॅस्टिकची चकती उरली. त्यावरून युरोपात गेम असे मारून टाकू नयेत म्हणून मोहीम उभी राहिली आणि तिच्या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला, की डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला मिळतो तो केवळ वापराचा परवाना असेल, तर दुकानाने तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या कायद्यात आहे: बाळा, तू गेम विकत घेतला नाहीस, तुला तो वापरायची मुभा मिळाली आहे, आणि ती मुभा कधी काढून घ्यायची हे दुसरे कोणीतरी ठरवणार आहे. तेरा वर्षांच्या मुलाला हे समजावून सांगताना मला लाज वाटते.

आम्हा कोकणातल्या लोकांना हे जास्त बोचते, कारण जोडणी गृहीत धरून आम्हाला जगता येत नाही. जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडची गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आमच्या किनाऱ्याला घासून गेले, तेव्हा आमची पाळी होती. वीज एक वेळ लवकर परत येते, रेंज त्याच्याही मागून येते. खेळाची, पुस्तकाची, गाण्याची वस्तू घरात असणे आणि ती बाहेरच्या कोणावर अवलंबून नसणे, याचे मोल मुंबई-पुण्याच्या माणसापेक्षा आम्हाला जास्त कळते.

दुसरी हळहळ माणसांची आहे. जुन्या 'कॉन्ट्रा'त धबधब्याची फेरी होती. तिथे एक जण वर चढत गेला, की पडदाही वर सरके आणि खाली राहिलेला जोडीदार पडद्याबाहेर जाऊन मरे. म्हणून वर चढणाऱ्याला थांबावे लागे. "थांब, येतोय" हे शब्द त्या फेरीत सतत ऐकू येत. एकाच पडद्यावर दोघांना बांधून ठेवणारी ही रचना होती, आणि थांबायला शिकवणारीही. आजच्या बहुतेक मोठ्या गेमांत सोबती दूर कुठेतरी असतो, कानाला हेडफोन असतो आणि शेजारी बसलेल्या सख्ख्या भावाला हाती घ्यायला काही नसते. हे तंत्रामुळे झालेले नाही. २०२१ मध्ये आलेला 'इट टेक्स टू' हा गेम दोघांशिवाय खेळताच येत नाही, एकाने विकत घेतला तरी दोघांना पुरतो, आणि त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट गेमचा मान त्यालाच मिळाला. म्हणजे आजही हे करता येते आणि लोकांना ते आवडते. मोठ्या कंपन्यांनी ते करायचे मनावर घेतले पाहिजे.

ट्रंकेत ते जुने यंत्रही होते, ते मी जोडून पाहिले. त्याचा अडॅप्टर मेला आहे आणि त्या कॅसेटच्या बहुतेक पट्ट्या गेल्या आहेत. तेव्हा जुने टिकते आणि नवे टिकत नाही, असे मला म्हणता येणार नाही. पण आमची कॅसेट तीस वर्षे खाऱ्या हवेशी झगडून गेली. कुठल्या कार्यालयात बसून कोणी ती बंद केली नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने केलेल्या पाहणीत असे आढळले, की २०१० पूर्वी तिथे प्रसिद्ध झालेल्या गेमांपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात नव्याने विकत मिळत नव्हते. जे कॅसेटवर होते, ते निदान कोणाच्या तरी माळ्यावर सापडू शकते. सर्व्हरवरचे शोधायला कुठल्या ट्रंकेत हात घालायचा?

पुतण्या दिवाळीत पुन्हा येणार आहे. त्याला 'टँक' दोघांनी कसा खेळायचा ते दाखवायचे आहे, आणि भिंतीपाशी आधी मी थांबेन असे कबूलही केले आहे. देवगड, मालवण किंवा कणकवलीत कोणाच्या घरी त्या जुन्या टीव्ही गेमचा नऊ व्होल्टचा अडॅप्टर चालू स्थितीत असेल, किंवा 'बॅटल सिटी' असलेली, पट्ट्या न गंजलेली कॅसेट असेल, तर कृपया कळवावे. मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि दिवाळीनंतर जशीच्या तशी परत आणून देईन.