सॉरॉनपेक्षा जुनं काय असणार? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. टॉल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्स’मधल्या मोरियाच्या, म्हणजे बटूंनी डोंगराखाली खणलेल्या नगरीच्याही खाली राहणाऱ्या निनावी जीवांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, मोरियाच्या दारापाशी तळ्यात दबा धरून बसलेला तो सोंडांचा प्राणी त्यांच्यातलाच, हे मी निराधार लिहिलं. दोन, या जीवांबद्दल ‘ते सॉरॉनपेक्षाही जुने’ (सॉरॉन म्हणजे कथेतला मुख्य खलनायक) हे जादूगार गॅन्डाल्फचं बोलणं म्हणजे टॉल्किनची चूक, आणि मी तिला गूढ म्हणून सजवलं.

पहिलं मान्य. गॅन्डाल्फ एवढंच म्हणतो की डोंगराखालच्या काळ्या पाण्यातून काहीतरी सरपटत आलंय, किंवा हुसकावलं गेलंय. पुढचं मी मनानं जोडलं. लेखात दुरुस्ती करतो.

दुसरं पटत नाही. सॉरॉन मायार, म्हणजे सृष्टीच्याही आधीच्या देवतुल्य आत्म्यांपैकी एक, मग त्याच्याआधी कोण, हा प्रश्न रास्तच आहे. हे ज्यात येतं ते ‘सिल्मरिलियन’ १९७७ साली छापलं गेलं खरं, पण त्या कथा टॉल्किन पहिल्या महायुद्धाच्या काळापासून लिहीत होता. १९५४ च्या ‘टू टॉवर्स’मध्ये, म्हणजे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्स’च्या दुसऱ्या भागात, तो हे विसरला असेल? शिवाय बोलणारा गॅन्डाल्फ स्वतः मायारच. सॉरॉनचं वय त्याला नाही तर कुणाला माहीत असणार! माझा तर्क असा, की तो वय धरतोय ते या जगात उतरल्यापासूनचं. सॉरॉन इथे आला तेव्हा खाली पोखरणं आधीच सुरू होतं.

आणि वयाच्या हिशोबात तुमच्याकडून गॅन्डाल्फ बालरॉगशी लढत मोरियाच्या तळाशी पडतो त्या प्रसंगातली खरी भीती निसटली, याचं मला वाईट वाटतं. बालरॉगला, त्या आगीच्या राक्षसाला, आपण ओळखतो. तोही मायार कुळातलाच. बटूंनी मिथ्रिल या मौल्यवान धातूसाठी खोल खणत नेलं आणि तिसऱ्या युगाच्या १९८० साली तो जागा झाला, त्यानं बटूंचा राजा दुरिन सहावा याला मारलं, हे सगळं नोंदलेलं आहे. असा तो शत्रू घाव खाऊन बोगद्यांत पळतो. ते बोगदे बटूंनी खणलेले नाहीत. तिथून बाहेर यायची वाट गॅन्डाल्फला माहीत नाही, बालरॉगला माहीत आहे. म्हणून ज्याला ठार करायचं त्याच्याच टाचेला धरून तो अंधारातून वर येतो! त्या घडीला त्याची सगळी आशा त्या शत्रूवरच होती, हे तो स्वतः सांगतो.

खाली काय पाहिलं ते मात्र सांगत नाही. दिवसाचा उजेड त्यानं काळवंडेल, म्हणतो.