डॉक्टर राउंडला आले की…

डेंग्यू होऊन सोलापुरात ॲडमिट झालात? कष्टाचं फळ म्हणायचं. चार-पाच दिवसांआड येणारं नळाचं पाणी बॅरलात भरून ठेवायचं, झाकण हरवलेलं. एवढ्या मायेनं डास पाळल्यावर दुसरं काय होणार! आता एकच पथ्य पाळा: खरं काय ते सगळ्यांना सांगा, फक्त डॉक्टरांना नको.

ताप कधी आला, असं ते विचारतील. तारीख सांगू नका. "गणपती बसायच्या आदल्या दिवशी" म्हणा. बायको म्हणेल, "नाही ओ, गौरी उठल्यावर. चादर ओढून पडला नव्हता का?" हा वाद तिथंच मिटवा, डॉक्टर थांबतील. डेंग्यूची एनएस१ ही रक्ततपासणी पहिल्या पाचेक दिवसांतच भरवशाची, पुढे आयजीएम ही दुसरी तपासणी बघावी लागते. पण ती त्यांची डोकेदुखी.

गल्लीतल्या मेडिकलवाल्यानं अंगदुखीवर दिलेली गोळी? ब्र काढू नका. फारच खोदलं तर "गुलाबी होती, लांबट." डेंग्यूत तापाला पॅरासिटामॉलच द्यायची, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकनं रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं असतंच. मग तुमच्या तोंडून कशाला?

तुम्ही प्लेटलेटवर बोला. 40,000 चा आकडा आधी फॅमिली ग्रुपवर टाका, कुर्डुवाडीच्या मावसभावाचं मत घ्या, पपईच्या पाल्याचा रस उशाशी ठेवा आणि मग विचारा, "साहेब, पिशवी कधी चढवणार?" रक्तस्राव नसेल तर 10,000 च्या वर सहसा चढवत नाहीत, असं ते सांगतील. पटवून घेऊ नका. त्यांचं लक्ष भलतीकडेच: हिमॅटोक्रिट (म्हणजे रक्ताचा दाटपणा), बीपी, लघवी. "लघवी किती झाली?" "होते की." संपला विषय.

ताप उतरला की बॅग भरायला घ्या. खरे जोखमीचे 24 ते 48 तास तिथूनच सुरू होतात. पोटात कळ, उलट्या, हिरड्यांतून रक्त असली किरकोळ गाऱ्हाणी राउंडला मांडायची नसतात. त्यासाठी वॉर्डातल्या मावशी आहेत.

मी तेच केलं. सकाळी डॉक्टरांना म्हटलं, "एकदम बरंय." ते वळल्यावर मावशींना सांगितलं, "कालपासून शी डांबरासारखी काळी होतीय बघा." मावशींनी बादली तिथंच ठेवली आणि सिस्टरकडे धावल्या. दोन मिनिटांत डॉक्टर परत, मागे सिस्टर, हातात सलाईन.

"हे मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही 'बरंय ना?' म्हणून विचारलं, साहेब. नाही कसं म्हणायचं?"