मालक गेला, आता स्पीकर कोण बनवणार?

हाय-एंड ऑडिओमधल्या, म्हणजे महागडे स्पीकर-अ‍ॅम्प बनवणाऱ्या, कुठल्याही छोट्या कंपनीचा मालक गेला की पहिले दोन दिवस श्रद्धांजल्या पडतात, मग कुणीतरी हळूच विचारतं की आता रिपेअर कोण करणार, दुसरा विचारतो रिसेल व्हॅल्यूचं काय, आणि तेवढ्यात एखादा शहाणा येऊन सांगतो "मुलगा आहे ना, चालवेल की". आमच्या ऑडिओवाल्यांच्या ग्रुपवर आत्ता परत हेच चालू आहे. कंपनीचं नाव घेत नाही, माणूस जाऊन महिनाही झालेला नाही आणि घरच्यांच्या डोक्याला आधीच पुरेसा ताप असणार. पण पुण्याच्या एका मित्राने विचारलंय की डीलर त्यांच्या स्पीकरवर बऱ्यापैकी डिस्काउंट देतोय, घेऊन टाकू का? त्याला व्हॉइस मेसेजमध्ये जे सांगितलं ते त्याला पटलेलं दिसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मालक गेला म्हणून कंपनी मरत नाही. मालक जिवंत असताना त्याच्या शेजारच्या टेबलावर दुसरं कुणी बसलंच नसेल तर मरते, आणि तेही लगेच नाही, पाच-सात-आठ वर्षं घेते.

मी सिनसिनाटीला राहतो. इथून दीडेक तासावर केंटकीमधलं लेक्झिंग्टन. घोड्यांचे स्टड फार्म, बर्बन, हिरवीगार कुरणं, असलं गाव. तिथे १९७७ च्या सुमारास जिम थील, त्याचा भाऊ टॉम आणि कॅथी गॉर्निक या तिघांनी थील ऑडिओ सुरू केली. जिम डिझाइनवाला, टॉम लाकूडकामातला दर्दी, कॅथी कंपनी चालवणारी आणि जगभर डीलर उभे करणारी. कामाची अशी छान वाटणी असलेल्या कंपन्या या धंद्यात फार कमी.

आता जिमचं वेड काय होतं ते जरा सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्पीकरमध्ये वूफर (खालचे सूर), मिडरेंज (मधले), ट्वीटर (वरचे) असे आवाज काढणारे वेगवेगळे ड्रायव्हर असतात आणि कुणी काय वाजवायचं हे क्रॉसओव्हर ठरवतो. बहुतेक डिझायनर ही वाटणी कडक ठेवतात, दर ऑक्टेव्हला (सप्तकाला) आवाज १८ नाहीतर २४ डीबीने कमी, म्हणजे खालचे सूर ट्वीटरपर्यंत पोचतच नाहीत आणि तो बिचारा सुरक्षित राहतो. जिमने हट्टाने ६ डीबी धरले, फर्स्ट ऑर्डर. कारण त्याचं म्हणणं असं की सगळ्या ड्रायव्हर्सचा आवाज एकाच वेळी, एकाच फेजमध्ये (लहरी जुळलेल्या) कानाशी पोचला पाहिजे आणि ते याच पद्धतीत नीट जमतं. त्यासाठी ड्रायव्हर्स कानापासून सारख्या अंतरावर हवेत, म्हणून थीलच्या स्पीकर्सचं तोंड मागे झुकलेलं असतं. मॉडेलच्या नावातलं सीएस म्हणजे कोहेरंट सोर्स, ते यावरूनच. तबल्यावर 'ना' पडला की चाटेवरचा बोटाचा आघात आणि त्याच्या मागची आस हे दोन वेगळ्या ठिकाणाहून आल्यासारखं वाटत नाही, एकाच पुडीतून येतं. आता हे खरंच कानाला कळतं की आमच्या मनाचे खेळ आहेत यावर इंजिनिअर लोकांची अजून भांडणं चालू आहेत, त्यात मी पडत नाही, मला ऐकू येतं एवढंच सांगतो.

पण या हट्टाची किंमत बघा. ६ डीबीने वाटणी केली की ट्वीटरला त्याच्या हद्दीच्या बरंच खालचंही वाजवायला लागतं आणि वूफरला बरंच वरचं, म्हणजे बाजारातले तयार ड्रायव्हर तिथे टिकतच नाहीत. मग जिम स्वतःच ड्रायव्हर डिझाइन करायला लागला. लांब चुंबकीय गॅप, त्यात आखूड व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारी तारेची गुंडाळी), डिस्टॉर्शन कमी करायला तांब्याच्या रिंगा, आणि कंपनी ते आपल्याच कारखान्यात बनवायला लागली. माझ्याकडे सीएस २.४ ची जोडी आहे, सेकंड हँड घेतलेली. जाळी काढून जवळ जाऊन बघितलं की मिडरेंजच्या मधोमध ट्वीटर बसलेला दिसतो, आणि गंमत म्हणजे दोघांना व्हॉइस कॉइल एकच! त्या दोघांमधली वाटणी कुठल्याही कपॅसिटरने केलेली नाही, मेकॅनिकल रचनेनेच होते. खाली वूफर, त्याच्याखाली लंबगोल पॅसिव्ह रेडिएटर, म्हणजे खालचे सूर भरायला नुसता हवेच्या दाबाने हलणारा पडदा. किशोरीताईंचं एखादं जुनं रेकॉर्डिंग लावलं की मागचे दोन तानपुरे वेगवेगळे कळतात, एक जरासा उतरलेला आहे हेसुद्धा कळतं (ते कळावं अशी इच्छा नेहमी असतेच असं नाही). त्यानंतरच्या सीएस ३.७ मध्ये तर मिडरेंजचा डायफ्राम (पडदा) जवळजवळ सपाट, अ‍ॅल्युमिनियमचा, घड्या पाडलेला. असला ड्रायव्हर दुसऱ्या कुणाकडून मागवता येत नाही.

सप्टेंबर २००९ मध्ये जिम कॅन्सरने गेला, वय ६१. कॅथीने पुढची तीनेक वर्षं कंपनी ओढली. सीएस २.७ आलं, त्यात ३.७ मधलाच कोअ‍ॅक्स (एकात एक बसवलेला) ड्रायव्हर वापरला होता, म्हणजे कोठारात जे शिल्लक होतं त्यावर दिवस काढणं चालू होतं. त्यात २००८ ची मंदी, डीलरची दुकानं धडाधड बंद होत होती. २०१२ च्या शेवटी कंपनी विकली गेली, पुढच्या वर्षी लेक्झिंग्टन सोडून नॅशव्हिलला गेली. आणि मग नवीन मालकांनी जे केलं ते आजही माझ्या डोक्यात जातं. नवे स्पीकर आणले ते सरळ उभे, झुकलेलं तोंड नाही, फर्स्ट ऑर्डर क्रॉसओव्हर नाही. पाटी थीलची आणि आत थीलपैकी काही नाही. स्पीकर वाईट नव्हते म्हणे, चांगल्या जाणकार डिझायनरकडून करून घेतले होते. पण अरे बाबा, तसे चांगले सरळ स्पीकर बाजारात पन्नास जण विकतात, त्यात तुझ्याकडे का यायचं? जुन्या गिऱ्हाइकाला त्यात जिम दिसेना आणि नव्या गिऱ्हाइकाला थील हे नावच माहीत नाही. सीईओ भराभर बदलत गेले आणि २०१८ मध्ये कुलूप.

यात सगळा दोष या पैसेवाल्या नव्या मालकांचा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, ग्रुपवर नव्वद टक्के लोक तेच म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. जिमच्या डोक्यात जे होतं ते बाहेर काढून दुसऱ्याच्या हातात देण्याची सोयच त्या कंपनीत नव्हती. एकेक मॉडेलवर तो वर्षानुवर्षं बसायचा, रिसर्च डिपार्टमेंट म्हणजे मुख्यतः तोच. नवीन मालकाने फर्स्ट ऑर्डर चालू ठेवायचं ठरवलं असतं तरी ते करणार कोण होतं? नाव, साचे, ड्रॉइंग हे सगळं विकत घेता येतं. एखादी गोष्ट चाळीस वेळा करून बघून एकेचाळिसाव्यांदा "अजून नाही झालं" असं म्हणणारा माणूस विकत मिळत नाही.

आपल्याकडे घराण्यांचं असंच असतं बघा. केसरबाई केरकरांनी आयुष्यभरात शिकवलं ते धोंडूताई कुलकर्णींना, बाकी कुणाला जवळ करावं असं त्यांच्या मनात आलंच नाही. एक शिष्या होती म्हणून ती गायकी पुढच्या पिढीच्या कानावर तरी पडली. जिमकडे ती एकसुद्धा नव्हती.

बरं, मुलगा असणं म्हणजे गॅरंटी का? विल्सन ऑडिओचं उदाहरण लोक लगेच देतात. युटाहमधल्या प्रोव्होची कंपनी, डेव्ह विल्सनने १९७४ मध्ये सुरू केलेली, तो २०१८ च्या मे महिन्यात गेला आणि कंपनी आजही जोरात आहे. पण डॅरिल हा मुलगा २०१६ लाच सीईओ झाला होता, त्याच्या आधीपासून मॉडेल डिझाइन करत होता, आणि डेव्हने शेवटी काय केलं तर रोजचा कारभार मुलावर सोपवून स्वतःचा शेवटचा मोठा स्पीकर पूर्ण केला, वॅम मास्टर क्रोनोसोनिक, फक्त ७० जोड्या, जोडीला ६,८५,००० डॉलर (हो, बरोबर वाचलंत, त्या पैशात ठाण्यात काय काय येईल याचा हिशोब बायकोसमोर करू नका). म्हणजे बाप असतानाच गिऱ्हाइकांना मुलाचा आवाज ऐकायची सवय लागली होती. तिथे कामाला आली ती ही सवय, नुसतं आडनाव असतं तर काही उपयोग नव्हता.

आणि मुलगाच लागतो असंही नाही. जपानचे हिरोयासु कोंडो, चांदीच्या तारेने ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे, ज्यांच्या ओंगाकू अ‍ॅम्पने जगभरच्या लोकांना परत जुन्या काचेच्या ट्यूबकडे (व्हॉल्व्हकडे) वळवलं, ते २००६ च्या जानेवारीत अमेरिकेत लास व्हेगासच्या शोला आलेले असताना गेले. सगळ्यांना वाटलं संपलं. तर मासाकी आशिझावा यांनी कंपनी हातात घेतली आणि चांदीचं काम तसंच चालू आहे.

पण मला सगळ्यात भारी वाटते ती जेबीएलची कथा, आणि ती आपल्या लोकांना माहीत असायला हवी कारण गणपतीत डीजेच्या भिंतीवर ही तीन अक्षरं आपण सगळ्यांनी वाचलीयत. जे. बी. एल. म्हणजे जेम्स बी. लॅन्सिंग, हा एक हाडामांसाचा माणूस होता. त्याची पहिली कंपनी लॅन्सिंग मॅन्युफॅक्चरिंग. तिचा पैसे-हिशोब बघणारा पार्टनर केन डेकर १९३९ मध्ये विमान अपघातात गेला. लॅन्सिंग ड्रायव्हर बनवण्यात बाप माणूस पण हिशोबात कच्चा, दोन वर्षांत कंपनी अल्टेक या दुसऱ्या कंपनीला विकावी लागली. मग १९४६ मध्ये त्याने परत स्वतःची कंपनी काढली, परत कर्ज झालं, आणि १९४९ मध्ये त्याने आत्महत्या केली.

आता बघा, पहिल्या वेळी हिशोबवाला गेला आणि कंपनी हातची गेली. दुसऱ्या वेळी खुद्द ज्याचं नाव पाटीवर तो गेला आणि कंपनी वाचली! कशी, तर लॅन्सिंगच्या विम्याचे १०,००० डॉलर कंपनीला मिळाले, आणि विल्यम थॉमस नावाचा जो कंपनीचा पैसा बघायचा त्याने ते धंद्यात घातले, लॅन्सिंगच्या बायकोचा हिस्सा विकत घेतला. आणि त्याने अक्कलहुशारी ही केली की लॅन्सिंगचं काम मोडीत काढलं नाही. डी १३० हा पंधरा इंची ड्रायव्हर पुढे कित्येक वर्षं बनत राहिला, आणि नवीन कामासाठी बार्ट लोकँथीसारखा इंजिनिअर होता जो लॅन्सिंग असल्यापासून त्या वर्तुळातला होता. पुढे १९६९ मध्ये सिडनी हार्मनच्या कंपनीने घेतली आणि २०१७ मध्ये अख्खी हार्मनच सॅमसंगने ८ अब्ज डॉलर मोजून घेतली. आजचा जेबीएलचा पार्टीबॉक्स (पार्टीत वाजवायचा मोठा स्पीकर) बघून लॅन्सिंग काय म्हणाला असता देव जाणे, पण नाव टिकलं.

म्हणून ग्रुपवर कुणी "पैसेवाला आला की संपलं" म्हणालं की मी थॉमस आठवून देतो. पैसेवाला चालतो, फक्त आपण नक्की काय विकत घेतलंय हे त्याला कळलं पाहिजे.

बोस कंपनी काढणाऱ्या अमर बोस यांचं जाता जाता सांगतो. आम्ही ऑडिओफाइल (आवाजाचे वेडे) लोक बोसवर हसतो, मीही हसलोय. पण मालक गेल्यावर काय याचा विचार त्या माणसाने जितका केला तितका आमच्या लाडक्या हाय-एंडवाल्यांनी केलेला नाही. २०११ मध्ये, हयात असतानाच, कंपनीचे बहुतांश शेअर एमआयटी या विद्यापीठाला देऊन टाकले, अट अशी की मतदानाचा हक्क नाही, विकायचे नाहीत, डिव्हिडंड घ्या आणि शिकवा. २०१३ मध्ये ते गेले. आणि २०२४ मध्ये त्याच बोसने मॅकिंटॉश ग्रुप विकत घेतला, म्हणजे हाय-एंडमधली मोठी नावं, मॅकिंटॉश (अ‍ॅपलचा नव्हे) आणि सोनस फाबेर, दोन्ही त्यांची. बसा आता हसत.

तर पुण्याच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. डिस्काउंटचा आकडा बाजूला ठेव आणि डीलरला चार गोष्टी विचार. आत्ता बाजारात असलेलं शेवटचं मॉडेल कुणी डिझाइन केलं, मालकाने स्वतः की त्याच्या हाताखालच्या कुणी? तो माणूस अजून कामावर आहे का? ड्रायव्हर बाहेरचे आहेत की घरचे? बाहेरचे असतील, स्कॅनस्पीक किंवा सीससारख्या ड्रायव्हर बनवणाऱ्या कंपन्यांचे, तर निम्मी काळजी मिटली, उद्या कंपनी बंद पडली तरी जुळणारं काहीतरी मिळण्याची आशा असते. घरचे असतील तर स्पेअर किती आणि कुठे पडलेत ते लेखी घे. भारतातला डीलर "सर टेन्शन नका घेऊ" म्हणेल, त्याला म्हणावं टेन्शन मी घेतो, तू ईमेल कर. आणि कंपनी कुटुंबाकडेच राहणार की विकायला काढलीय हे सहा महिन्यांत आपोआप कळेल, तेवढे दिवस थांबलास तर स्पीकर काही आंबणार नाहीत, किंमत झाली तर अजून खालीच येईल.

थीलवाल्यांचं म्हणशील तर आमचं नशीब बरं. जुन्या कारखान्यात सर्व्हिस बघणाऱ्या माणसाने केंटकीतच जुन्या थीलच्या दुरुस्तीचं काम पुढे चालू ठेवलं, त्यामुळे हजारो मैलांवरून लोक ड्रायव्हर खोक्यात घालून तिकडे पाठवतात. कंपनी ज्यांनी विकत घेतली त्यांनी काय सांभाळलं माहीत नाही, सांभाळलं ते पगारावर असलेल्या एका माणसाने.

आणि हो, २.४ विकायचे नाहीयेत. मागच्या पोस्टनंतर तिघांनी इनबॉक्समध्ये भाव विचारला होता, म्हणून आधीच सांगतोय.