मावशीच्या वाट्या

गेल्या महिन्यात मावशीच्या डोंबिवलीच्या घराची किल्ली देऊन आलो. कोणाला, तर तिच्या पुतण्यांना, म्हणजे दिराच्या मुलांना. ते याआधी त्या घरात कधी आले होते, आईला आठवेना.

मावशी शाळेत शिक्षिका. मूलबाळ नाही, काका ऐन चाळिशीत गेले. पुढे सात-आठ वर्षांनी पीएफमधून पैसे काढून आणि पतपेढीचं कर्ज घेऊन तिनं हे वन रूम किचन घेतलं. सासरचा एक रुपया त्यात नाही. शेवटची तीन वर्षं ती अंथरुणाला खिळलेली. माझी आई, वय ७४, दिवसाआड ठाण्याहून लोकलनं जायची, डब्यात मऊ भात घेऊन. सोसायटीत नॉमिनीसुद्धा आईच. त्यामुळे आम्ही निर्धास्त.

वकिलांनी दहा मिनिटांत जमिनीवर आणलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी तिला तात्पुरती सभासद करून घेईल, पण घर जायचं ते वारसाकडेच. सुप्रीम कोर्टानं विम्याच्या बाबतीत हे १९८४ मध्येच सांगितलंय आणि शेअर्सच्या बाबतीत २०२३ मध्ये पुन्हा.

मग वारस कोण? इथे मी खुर्चीत सरळ होऊन बसले. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा, कलम १५. बाई मृत्युपत्र न करता गेली, तर आधी नवरा आणि मुलं. ती नसतील तर नवऱ्याचे वारस. त्यानंतर तिचे आईवडील, आणि भावंडांचा नंबर त्यांच्याही नंतर. माहेरून वारशानं आलेली मिळकत तेवढी मूल नसेल तर माहेरी परत जाते. स्वतःच्या पगारातून घेतलेलं घर त्यात बसत नाही. पुरुषाच्या बाबतीत असं नाही हं. तो बिनमुलाचा विधुर गेला, तर बायकोच्या माहेरचं कोणी दारात उभंही राहू शकत नाही.

२००९ मध्ये हेच प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली मुलगी, सासरच्यांनी हाकलून दिलेली. माहेरच्यांनी शिकवलं, तिनं नोकरी केली, पैसा साठवला. ती गेल्यावर तो पैसा नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाला. कोर्टानंच म्हटलं की सहानुभूतीवर कायदा चालत नाही.

पुतण्यांना मी दोष देत नाही. माणसं वाईट नाहीत, आईला म्हणाले, ‘तुम्हाला हवं ते सामान न्या.’ आईनं भांडी आणली. परवा ती घासताना बघत होते. मावशीला प्रत्येक भांड्यावर नाव घालून घ्यायची भारी हौस. जुन्या वाट्यांवर ‘सौ.’, काकांनंतरच्यांवर ‘श्रीमती’, खाली तारीख. चमचेसुद्धा सोडले नाहीत. आणि घराबद्दल मात्र चार ओळी नाहीत. आम्हीही कधी विषय काढला नाही. जिवंत माणसापुढे मृत्युपत्राचं नाव काढणं अभद्र वाटतं ना! तिचं काही वाईट चिंततोय असं तिला वाटलं तर?

माझं स्पष्ट मत आहे, बायकांनी हे करायलाच हवं, एकट्या असतील त्यांनी तर आधी. खर्चाचं म्हणाल तर साधा कागद चालतो, मराठी चालते, स्टॅम्प लागत नाही, नोंदणीसुद्धा सक्तीची नाही (मी केली, कारण आमच्याकडे भांडायला माणसं आहेत). दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांच्यापैकी नकोत. वय जास्त असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडावा. मन बदललं तर नवीन करावं, शेवटचं असेल ते खरं.

मी साठीला टेकलेय. साक्षीदार म्हणून शेजारच्या वहिनींना बोलावलं, तर त्या दारातच घाबऱ्या झाल्या, ‘अहो, रिपोर्टमध्ये काही निघालं का?’

आईनंही लिहायला घेतलंय. आधी म्हणाली, माझ्याकडे आहे काय लिहायला? आता दोन पानं झालीत आणि संपत नाहीये. पाटल्यांच्या ओळीवर हात ठेवून मला म्हणते, ‘तू तिकडे बघ.’