भिंगवाले काका

रंगांच्या दुकानात कुणी माझ्या हातातली ट्यूब काढून घेईल असं वाटलं नव्हतं. तीही न विचारता, लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घेतात तशी.

त्याआधी काउंटरवरच्या मुलाने "किती वर्षांचा आहे?" असं विचारून माझा मूड घालवलाच होता. रंग माझ्यासाठीच आहेत म्हटल्यावर तो "अच्छा, टाइमपास" म्हणाला. ते जाऊ दे. मी प्रोफेशनल जलरंगांच्या रॅककडे वळले. हवा होता निळा, पण निळा आणायला गेलेलं माणूस आधी गुलाबी उचलतं. ऑपेरा पिंक म्हणजे नुसती झळाळी! तेवढ्यात शेजारून हात आला.

काकांच्या गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग होतं. त्यांनी ट्यूब उलटी केली, भिंग लावलं आणि म्हणाले, "उडेल."

"काय उडेल?"

"रंग. हे बघा, मागे पिगमेंटचा, म्हणजे रंगद्रव्याचा कोड असतो, पीआर १२२. हे पिगमेंट सज्जन आहे, टिकतं. पण झळाळी येते ती आत घातलेल्या फ्लुरोसंट डायमुळे, आणि तो उजेडात जातो. म्हणजे गुलाबी राहील, तुम्ही ज्याच्यावर भाळलात ते राहणार नाही."

लग्न जुळवताना हे काका कुठे होते, असं माझ्या मनात आलं. मी मुकाट्याने अलिझरिन क्रिमसन उचलला.

"पीआर ८३! १८६८ साली प्रयोगशाळेत तयार झाला. तेव्हापासून उडतोय."

"मग हा? यावर 'पर्मनंट अलिझरिन' लिहिलंय."

"तो टिकतो. त्यात अलिझरिन नाही."

"बरं, कॅडमियम यलो?"

"पुढे 'ह्यू' लिहिलंय ना? म्हणजे यात कॅडमियम नाही."

"मग नावात कशाला घातलंय?"

"तुम्ही घ्यावा म्हणून."

मला काकांचा राग आला होता, पण खरं सांगायचं तर कंपन्यांचा जास्त आला. नाव पुढच्या बाजूला ठसठशीत, आणि आत नेमकं काय आहे हे सांगणारा कोड मागे, अनेक भाषांतल्या सूचनांच्या गर्दीत, मुंगीने लिहावा एवढा. विद्यार्थ्यांच्या रंगात पिगमेंट कमी आणि भरताड जास्त, हे समजण्यासारखं आहे, तो स्वस्तही असतो. पण जास्त पैसे मोजून प्रोफेशनल ट्यूब घ्यायची आणि तरी हेरगिरी करायची? त्यात सीरिजची भानगड. मातीचे रंग सीरिज १ मध्ये, कोबाल्ट-कॅडमियम वरच्या सीरिजमध्ये, तीच कंपनी, तेवढीच ट्यूब, किंमत कुठच्या कुठे. आणि जीव जडावा तो रंग बंदच होतो. क्विनाक्रिडोन गोल्डचं मूळ पिगमेंट, पीओ ४९, मोटारींच्या रंगासाठी बनायचं. मोटारवाल्यांची मागणी संपली, पिगमेंट संपलं. आम्हा चित्रं काढणाऱ्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही. आता त्याच नावाने जे मिळतं ते दोन-तीन पिगमेंटांचं मिश्रण.

असो. मी काकांना विचारलं, "तुम्ही काय रंगवता? निसर्गचित्रं?"

"छे. मी चित्रं काढत नाही. मी पट्ट्या करतो."

प्रत्येक रंगाची एक पट्टी, अर्धी झाकायची, अर्धी उघडी ठेवून खिडकीच्या काचेला चिकटवायची, आणि कोण किती फिकटतो ते बघायचं. खिडक्या भरल्यात म्हणे. घरात उजेड येतो का, असं मी विचारलं. "पट्ट्यांना पुरतो," काका म्हणाले.

आता मला जोर चढला. "काका, माझी चित्रं वहीत असतात. वही मिटलेली असते. आत ऊन शिरत नाही, मग मी उडणारा गुलाबी का वापरू नये?"

काकांनी भिंग खाली सोडलं. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"वहीत? मग बघतं कोण?"

याला उत्तर देता येत नाही. निदान दुकानात उभं राहून तरी नाही. मी घाईघाईने अल्ट्रामरीन ब्लू उचलला. पीबी २९. काका बराच वेळ भिंगातून खोट शोधत राहिले आणि शेवटी नाइलाजाने "हा ठीक आहे" म्हणाले. पूर्वी हा निळा लॅपिस लाझुली या दगडापासून काढत आणि तो परवडत नसे, १८२८ च्या सुमारास कृत्रिम निघाला म्हणून आपल्यासारख्यांना मिळतो, हेही त्यांनी ऐकवलं. 'आपल्यासारख्यांना' म्हणताना बघितलं मात्र माझ्याकडेच.

मी बिलात गुलाबीही घातला. त्यांच्या देखत.

घरी येऊन निळ्याचं टोपण उघडलं तर आधी नुसता डिंकच बाहेर आला, पिवळट, पारदर्शक, बोटावरून मनगटापर्यंत. जलरंगात गम अरेबिक असतो, ट्यूब पडून राहिली की तो वेगळा होतो, टाचणीने आतलं ढवळून घ्यावं, हे सगळं मला माहीत आहे. पण ट्यूबवर मिलिलिटर लिहिलेत ते रंगाचे की डिंकाचे, हे त्या बारीक अक्षरांत कुठेच लिहिलेलं नाही.